प्लास्टर मूळ ब्राँझच्या जास्त जवळ
प्राचीन ग्रीक पुतळ्यांच्या 'प्लास्टरच्या प्रती म्हणजे नकलेची नक्कल' असं म्हटलं जातं, ते मत मला पटत नाही. १९५४ साली नेपल्सजवळ बाया इथे एका रोमन कार्यशाळेतले प्लास्टरचे शेकडो तुकडे सापडले. ते थेट ग्रीक ब्राँझ पुतळ्यांवरून घेतलेल्या साच्यांतले आहेत! त्यांत अथेन्समधल्या, जुलमी राजवटीविरुद्ध उठलेल्या दोन वीरांच्या प्रसिद्ध जोडशिल्पातल्या अरिस्टोगिटॉनच्या चेहऱ्याचाही तुकडा आहे. मूळ ब्राँझ कधीच नष्ट झालं. साचा घेताना धातूच्या पापण्यांचे केस मोडू नयेत म्हणून ते आधी झाकले होते, त्याची खूण प्लास्टरवर अजून दिसते.

ग्रीक ब्राँझ पुतळ्यांच्या संगमरवरी रोमन प्रतींत बऱ्याचदा पायाला टेकवलेला झाडाचा बुंधा असतो ना, तो दगडाचं वजन पेलायला. ब्राँझला त्याची गरजच नव्हती. म्हणजे इथे मूळ देहाच्या जास्त जवळ प्लास्टरच आहे.