घरच्या घरी रांधलेली झणझणीत चिली : आपले अनुभव लिहा

उत्तरवारा (ह्यूस्टन)
या आठवड्यात गार वारा सुटला आणि शेजारच्या घरातून सुक्या मिरच्या भाजल्याचा वास आला, तेव्हा टेक्सासमधला आमचा पहिला हिवाळा आठवला. मूळच्या सॅन अँटोनियोच्या एका आजींनी मला त्या वेळी स्वतःच्या शेगडीशी उभे करून चिली, म्हणजे सुक्या मिरच्यांच्या वाटणात मंद आचेवर शिजवलेला मांसाचा दाट रस्सा, शिकवली होती. तयार चिली पावडर त्या घरात ठेवतच नसत. चिलीची सगळी चव अख्ख्या मिरच्या भाजून, भिजवून, वाटण्यात आहे असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते मला आजही पुरेपूर पटते.

त्यांचे प्रमाण किलोभर मांसाला पाच अँचो, चार ग्वाहियो आणि दोन आर्बोल या सुक्या मिरच्या असे होते. पोब्लानो मिरची झाडावर पिकून लाल झाल्यावर वाळवली की तिलाच अँचो म्हणतात. ती गोडसर आणि मांसल असते, ग्वाहियो रंग देते आणि तिखटपणा आर्बोलचा. देठ व बिया काढून मिरच्या कोरड्या तव्यावर जेमतेम अर्धा मिनिट फिरवायच्या, कारण त्या काळ्या पडल्या तर पुढे काहीही घातले तरी कडवटपणा जात नाही. मग गरम पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे भिजवून अगदी गंधासारखे वाटण करायचे. मांसाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे तेलात तांबूस परतून बाजूला काढायचे आणि त्याच तेलात कांदा, लसूण, ताजी भाजून कुटलेली जिरेपूड व मेक्सिकन ओरेगानो घालून वाटण तेल सुटेपर्यंत परतायचे. त्यानंतर मांस, पाणी, मीठ आणि अडीच-तीन तास मंद आच. शेवटी ‘मासा’ नावाचे मक्याचे पीठ दोन चमचे पाण्यात कालवून लावले की रस्सा मिळून येतो. आपण कशी करता, कोणाकडून शिकलात, ते सविस्तर लिहा.

मुक्कामपोस्ट ऑस्टिन
ताई, अनेक जण चिलीत राजमा घालतात; आपण त्याचा उल्लेखही केला नाहीत, याचा मला फार आनंद झाला. टेक्सासच्या विधिमंडळाने 1977 साली चिलीला राज्याचा अधिकृत पदार्थ ठरवले. टर्लिंग्वा या वाळवंटातल्या जुन्या खाणगावात 1967 पासून चिलीच्या स्पर्धा भरतात आणि तिथे राजमा, मॅकरोनी, भात असले काहीही भांड्यात घालायला नियमानेच मनाई आहे. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या घरच्या चिलीची कृती लोक इतकी मागत की त्यांच्या पत्नी लेडी बर्ड जॉन्सन यांनी ती कार्डांवर छापून घेतली होती. तीतही राजमा नाही. आमच्याकडे ज्याला हवा त्याला तो वेगळ्या वाडग्यात मिळतो. तसे केल्याने मिरचीचा रस्सा दाट आणि स्वच्छ चवीचा राहतो, असा माझा अनुभव आहे.

रानजाई
आमच्या घरी मांस शिजत नाही, त्यामुळे राजम्यावाचून आमची चिली होणे शक्य नाही, आणि स्पर्धेचे नियम घरच्या पातेल्याला लागू नसावेत असे मला मनापासून वाटते. वाटण मात्र आपण लिहिले तसेच करते; मांसाच्या जागी बारीक चिरलेली अळिंबी पाणी आटून तांबूस होईपर्यंत परतते.

एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी. कच्चा राजमा भिजवून थेट स्लो कुकरमध्ये टाकू नये. त्यात एक विषारी प्रथिन असते, ते मंद आचेवर नष्ट होत नाही, आणि अर्धवट शिजलेल्या राजम्याने जोराच्या उलट्या होतात. रात्रभर भिजवावा, ते पाणी ओतून द्यावे आणि ताज्या पाण्यात निदान अर्धा तास खळखळून उकळावा, किंवा आपल्या नेहमीच्या कुकरमध्ये शिट्ट्या काढाव्यात. आमच्या ओळखीच्या घरी सगळे एकाच रात्री आजारी पडले होते, म्हणून आग्रहाने लिहीत आहे.

उत्तरवारा
रानजाई, हे लिहिलेत ते फार चांगले केलेत. ते सगळे आता बरे आहेत ना?

रानजाई
हो, दोन दिवसांत सगळे ठणठणीत झाले.

मांडवीकाठ
मी मडगावची, आता डॅलसला असते. ओटा आवरता आवरता लिहिते आहे. गोव्यात आम्ही रेशाद मसाल्यासाठी सुक्या मिरच्या, लसूण, जिरे आणि मिरी व्हिनेगरमध्ये वाटतो, म्हणून चिलीचे वाटण पहिल्यांदा हुंगले तेव्हा मला आईचे स्वयंपाकघरच आठवले. मिरची मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती आपल्याकडे आणली. तेव्हा आपण तिच्या माहेरी येऊन तिलाच पुन्हा वाटत आहोत, याचे मला फार अप्रूप वाटते. चिली उतरवताना मी चमचाभर व्हिनेगर घालते. त्याने मांसाचा जडपणा कमी होतो आणि मिरचीची चव वर येते, करून पाहा.

ओंजळभर
पुण्यात अँचो सहजी मिळत नाही. मुलगा सुट्टीला घरी आला की चिली मागतो, म्हणून मी ग्वाहियोऐवजी बेडगी आणि आर्बोलऐवजी थोडी संकेश्वरी वापरते. अँचोच्या गोडसरपणाला तोड नाही, परंतु दहा-बारा काळ्या मनुका वाटणात घातल्या की बरेच जवळ जाता येते. मटण घेते, खांद्याचे, कारण त्यातला चिकट भाग सावकाश विरघळून रस्सा आपोआप दाट होतो. गरम मसाला मात्र कटाक्षाने टाळते. तो पडला की आपलाच रस्सा होतो. तो उत्तमच, पण मुलाने मागितलेला तो नव्हे.

नवीवाट
ओंजळभर काकू, मिरच्या साफ केल्यावर हातांची फार आग होते. त्यावर काही उपाय आहे का? आमचे बाळ लहान आहे, म्हणून काळजी वाटते.

ओंजळभर
आधी हाताला तेल चोळावे आणि मग साबणाने धुवावे, कारण मिरचीतला जाळ तेलात विरघळतो, नुसत्या पाण्याने हलत नाही. जाळ मुख्यतः बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या शिरांत असतो. त्या पूर्ण काढल्या तर तिखटपणा पुष्कळच उतरतो. बाळ लहान आहे तोवर हातमोजे घालूनच हे काम करा आणि तव्याजवळची खिडकी उघडी ठेवा. भाजताना उठणारा ठसका लहान मुलांना सोसत नाही.

नवीवाट
मनापासून आभार. बाळाच्या जन्मानंतर समोरच्या घरातल्या बाईंनी पातेलेभर सौम्य चिली आणि मक्याचा पाव आणून दिला होता. त्या दिवसांत गरम अन्न आयते हातात मिळण्याचे मोल मला शब्दांत सांगता येत नाही. आता त्यांच्या घरी आजारपण आहे, तर मी करून नेणार आहे.

सातासमुद्रापार
मी सिनसिनाटीत राहतो. इथली चिली पूर्ण वेगळी आहे. मॅसिडोनियातून आलेल्या दोन भावांनी 1922 साली इथे ती सुरू केली. तीत दालचिनीसारखे गोड मसाले असतात, खिमा आधी परतत नाहीत तर कच्चाच पाण्यात मोडून शिजवतात, आणि ती स्पॅगेटीवर वाढून वर किसलेल्या चीजचा ढीग घालतात. ऑस्टिनच्या दादांना हे रुचणार नाही, तरीही हीसुद्धा एका शहराने जीव लावलेली चिली आहे आणि मला ती मनापासून आवडते. घरी करताना रात्रभर शीतकपाटात ठेवून वर गोठलेली चरबी काढून टाकावी. दुसऱ्या दिवशी मसाला चांगला मुरतो.

मुक्कामपोस्ट ऑस्टिन
दुसऱ्या दिवशीच्या चिलीबद्दल आपले एकमत आहे, आणि त्याचा मला आनंद आहे. स्पॅगेटीबद्दल मी माझे मत राखून ठेवतो.

नवीवाट
अँचो घेताना चांगली कशी ओळखावी? दुकानात दोन वेगवेगळ्या नावांच्या, दिसायला सारख्या पिशव्या होत्या.

उत्तरवारा
कॅलिफोर्नियाकडून आलेल्या मालावर कधी कधी अँचोलाच ‘पासिया’ असे लिहिलेले असते. खरी पासिया लांब व अरुंद असते, अँचो रुंद खांद्यांची. पिशवीवरून दाबून पाहा: मिरची लवचीक असली आणि मनुकांसारखा वास आला तर घ्या, कडकडीत मोडणारी असली तर जुनी समजून घेऊ नका. शेजारच्या बाईंना चिली नेऊन दिल्यावर त्यांना कशी वाटली ते इथे अवश्य कळवा.