सल्ला हवा: बोलोन्यात राहून इटलीचं राजकारण कसं समजून घ्यावं?

मृण्मयी_आ
नमस्कार मंडळी. सप्टेंबरपासून शिक्षणासाठी बोलोन्यात राहणार आहे. मुसोलिनी शाळेत होता तेवढाच ठाऊक. १९४५ नंतर काय झालं, आणि पंतप्रधान मेलोनींच्या पक्षाचं मुसोलिनीच्या फॅसिझमशी खरंच नातं आहे की ती नुसती ओरड आहे, हे जाणून घ्यायचंय. पुस्तकं वाचेनच, पण शनिवार-रविवारी जाऊन काय पाहावं? रोम-मिलान नको, जवळपासचं सांगा.

पायवाट
सुरुवात स्टेशनपासूनच करा. बाहेरचं घड्याळ १०:२५ वर थांबवून ठेवलंय. २ ऑगस्ट १९८० ला सकाळी त्या वेळी प्रतीक्षालयात बॉम्ब फुटला, ८५ माणसं गेली. त्यासाठी नवफॅसिस्टांना शिक्षा झाल्या, आणि तपास भरकटवल्याबद्दल लष्करी गुप्तचर खात्याच्या अधिकाऱ्यांनाही. आत भिंतीवर मृतांची नावं आहेत, सगळी वाचा. फॅसिझम १९४५ ला संपला असं आपण धरून चालतो, ते तिथे उभं राहिल्यावर पटेनासं होतं.

मग पोरेत्ताकडे जाणाऱ्या लोकलने मार्झाबोत्तो. १९४४ च्या सप्टेंबरअखेरीस तिथल्या मोन्ते सोले डोंगरावरच्या वाड्यांमध्ये एसएसने, म्हणजे हिटलरच्या नाझी दलाने, कत्तल सुरू केली. काही दिवसांत सुमारे ७७० माणसं मारली, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी. काझालियात तर चर्चमध्ये आसऱ्याला आलेल्यांना बाहेर काढून दफनभूमीत गोळ्या घातल्या. चालायचे बूट न्या.

आणि रेज्जो एमिलियाच्या पुढे गात्तातिकोला चेर्वी कुटुंबाचं घर आहे, आता संग्रहालय. माझ्या मते या सगळ्यात तेच सर्वांत महत्त्वाचं. २५ जुलै १९४३ ला मुसोलिनीची सत्ता गेली, तेव्हा या शेतकरी कुटुंबाने पास्ता शिजवून गावजेवण घातलं होतं. त्याच वर्षी २८ डिसेंबरला घरातल्या सातही भावांना फॅसिस्टांनी एकत्र गोळ्या घातल्या. आजही दर २५ जुलैला तिथे पास्ता शिजतो. पुढच्या जुलैत नक्की जा, गावकऱ्यांच्या पंगतीत बसा.

वेताळटेकडी
पायवाट यांच्या यादीला +१. मेलोनींबद्दल: नातं आहे, आणि ते उघड आहे. जून १९४६ मध्ये न्यायमंत्री तोलियात्तींनी, ते स्वतः कम्युनिस्ट पुढारी, माफी जाहीर केली. असंख्य फॅसिस्ट सुटले. डिसेंबरमध्ये मुसोलिनीच्या शेवटच्या सरकारातल्या लोकांनी एमएसआय पक्ष काढला. राज्यघटनेत फॅसिस्ट पक्ष पुन्हा उभारायला बंदी आहे, तरी वेगळ्या नावाने तो १९४८ पासून संसदेत बसला. मेलोनी किशोरवयात त्याच्याच युवक संघटनेत गेल्या. २०१२ मध्ये निघालेल्या त्यांच्या पक्षाच्या चिन्हात एमएसआयचीच तिरंगी ज्योत आहे.

पण त्यांचा प्रत्येक मतदार फॅसिस्ट, असं मात्र धरू नका. १९९२ च्या लाचखोरी प्रकरणात जुने पक्ष कोसळले, आणि तेव्हापासून लोक नवनवे पक्ष आजमावताहेत. बर्लुस्कोनी झाले, फाइव्ह स्टार झाले. २०२२ मध्ये द्रागींच्या बहुपक्षीय सरकारच्या बाहेर राहिलेला मोठा पक्ष एकच होता, मेलोनींचा. त्यांना मतं पडली सुमारे २६ टक्के. बोलोन्यात मात्र युद्धानंतर चाळीसहून जास्त वर्षं कम्युनिस्ट महापौर होते, त्यामुळे तुमच्या आसपासची मतं म्हणजे अख्खी इटली नव्हे. दक्षिणेतल्या मुलांशीही मैत्री करा.

मृण्मयी_आ
दोघांचेही मनापासून आभार! मुसोलिनीचं गाव जवळच आहे म्हणतात. जावं का?

पायवाट
प्रेदाप्पियो. जा, पण सगळ्यात शेवटी. तिथे दुकानांत मुसोलिनीच्या वस्तू विकतात आणि त्याच्या स्मृतिदिनी काळे सदरे घातलेले लोक जमतात. आधीचं काही न पाहता गेलात तर ते नुसतं विचित्र वाटेल.

वाटेत फोर्ली लागतं. तिथल्या भारतीय सैनिकांच्या युद्धस्मारकाला आधी जा. त्याच भागात सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ ला नगर जिल्ह्यातल्या निमजच्या नामदेव जाधवांनी दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंगांमधून सुखरूप आणलं, मग परत जाऊन शत्रूच्या मशिनगन एकट्याने बंद पाडल्या. बांधावर चढून शिवाजी महाराजांचा जयघोष करत उरलेल्या तुकड्यांना पलीकडे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. स्मारक आणि प्रेदाप्पियो एका दिवसात होतं.