अनुभव धागा: फ्लॉरेन्समध्ये काय पाहिलंत, काय सोडलंत?

इटलीहून परतलेले लोक रोम आणि व्हेनिसबद्दल तासभर बोलतात. फ्लॉरेन्सचं नाव निघालं की गाडी "मायकेलअँजेलोचा डेव्हिड पुतळा पाहिला, जिलाटो खाल्लं" इथेच थांबते. पुढच्या वसंतात आमच्या घरची मंडळी तिकडे निघाली आहेत, आजीपासून शाळकरी नातवापर्यंत, आणि मला त्यांच्या हातात 'टॉप टेन' यादी द्यायची नाही. तेव्हा स्वतःचे अनुभव लिहा. कशासाठी पाय मोडले तरी वसूल वाटलं, काय बिनदिक्कत सोडावं, कुठे जेवलात. मतभेद झाले तर उत्तमच.

सुरुवात माझ्यापासून. मी घुमटाच्या बाजूने. कॅथेड्रलवरचा ब्रुनेलेस्कीचा घुमट खालून सगळेच बघतात, पण तो कळतो वर चढताना. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही. १४२० ते १४३६ या काळात तो बांधला, तोही खालून लाकडी साच्याचा आधार न देता. एकात एक अशी दोन कवचं आहेत आणि जिना त्यांच्या मधल्या पोकळीतून जातो, त्यामुळे शेवटी शेवटी भिंत अंगावर कलायला लागते. तिथल्या विटांकडे लक्ष द्या. आडव्या थरांत मध्ये मध्ये उभी वीट, आणि त्या उभ्या विटांची ओळ माशाच्या काट्यासारखी तिरकी वर चढलेली. चुना ओला असताना थर घसरू नये म्हणून ही युक्ती. वाटेत वसारी आणि झुक्कारी यांच्या 'अंतिम न्याया'च्या भित्तिचित्राला खेटून जावं लागतं. खालून चिमुकली दिसणारी नरकातली मंडळी तिथे चांगलीच धिप्पाड असतात.

तिकिटावर वेळ ठरलेली असते, ते आधीच काढायचं. बंद जागेत जीव घाबरा होत असेल तर शेजारचा जोत्तोचा मनोरा बरा. पायऱ्या तिथेही ४१४ आहेत, पण टप्प्याटप्प्यावर टेकता येतं. शिवाय फोटोत घुमट येतो, जो घुमटावर उभं राहून येणं शक्य नाही!

*

आईला घेऊन गेलेली मुलगी, ठाणे

पायऱ्यांचं कौतुक वाचून हसले. आमच्या मातोश्रींचे गुडघे लक्षात घेता आम्ही सगळं सपाटीवर केलं आणि काही बिघडलं नाही. उफीझी या चित्रसंग्रहालयात लिफ्ट आहे, दालनांत बसायला बाकं आहेत. मी आईला सांगितलं होतं, सगळं बघायचं नाही. बोत्तिचेल्लीची दोन चित्रं, 'व्हीनसचा जन्म' आणि 'प्रिमावेरा', एवढंच ठरवून गेलो. आई प्रिमावेरासमोर बसली ती उठेचना. तिला बागकामाचं वेड, ती पायाखालची फुलं ओळखत बसली होती.

एक गोष्ट मला फार आवडली. इथे राज्य केलेल्या मेदिची घराण्याची शेवटची वारस आन्ना मारिया लुईजा हिने १७३७ मध्ये करार करून ठेवला, की घराण्याचा कलासंग्रह शहराबाहेर जाता कामा नये. एवढी राजघराणी बुडाली आणि त्यांचा माल जगभर विखुरला, इथला मात्र जागेवर आहे तो या बाईमुळे. आई दिवसभर तिचंच गुणगान करत होती.

कॅथेड्रलमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. ओढणी पिशवीत ठेवा, दिवसभर उपयोगी पडते.

*

फौजी घरातला, सातारा

प्रिमावेराचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. उफीझीतली चित्रं तेव्हा बाँबच्या भीतीने आसपासच्या वाड्यांत हलवली होती. त्यातला एक मोंतेगुफोनीचा किल्ला, शहराच्या नैर्ऋत्येला. १९४४ च्या उन्हाळ्यात आठवी भारतीय डिव्हिजन तिथे पोचली तेव्हा आत प्रिमावेरा भिंतीला टेकून उभी! याच डिव्हिजनमध्ये मराठ्यांची पहिली बटालियन होती. आजोबा कुठल्या बटालियनमध्ये होते याचा कागद घरात नाही, त्यामुळे मी उगाच छाती फुगवत नाही, पण त्या दालनात बाकीच्यांपेक्षा जरा ताठ उभा होतो.

वेळ असेल तर रेल्वेने अरेझ्झोला जा. तिथल्या युद्ध स्मशानभूमीत भारतीय सैनिकांची नावं कोरलेली आहेत. आणखी पुढे, उंब्रियात, टायबरचं वरचं खोरं लागतं. माणगाव तालुक्यातल्या यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी तिथेच मशीनगनच्या ठाण्यावर एकट्याने चाल केली आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला.

*

कोल्हापूरकर

सगळ्यांनी लिहिलं, पण आमच्या महाराजांचं कुणी नाव काढंना, म्हणून लिहायला बसलो.

फ्लॉरेन्सच्या पश्चिमेला आर्नो नदीकाठी काशिने नावाची लांबच लांब बाग आहे. तिच्या पार टोकाला, जिथं मुन्योने नदी आर्नोला मिळते तिथं, एक छत्री आहे. आत फेटा बांधलेल्या तरुण राजाचा रंगीत अर्धपुतळा. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, दुसरे. १८७० साली ते इंग्लंडला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले, आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय वीस. त्या वेळी फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती. उघड्यावर चिता रचून दहन ही तिथल्या लोकांना अगदीच अनोळखी गोष्ट, पण परवानगी मिळाली आणि संगमावर आपल्या रीतीने अंत्यसंस्कार झाले. संगमच का, हे आपल्या लोकांना सांगायला नको.

पुतळा फुलर नावाच्या शिल्पकाराचा, १८७४ चा. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा, म्हणजे ज्यांनी आमचा नवा राजवाडा उभा केला तेच. शेजारून जो भला मोठा केबलचा पूल जातो त्याचं नावच 'पाँते आल्लिंदियानो', भारतीयाच्या नावचा पूल. गाड्या हाकणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल हा भारतीय कोण, देव जाणे.

महाराजांनी प्रवासात रोजनिशी ठेवली होती, ती १८७२ मध्ये लंडनला छापली गेली. जाण्याआधी वाचली तर बरं. पार्लमेंट, नाटकं, कारखाने, काय काय बघून ठेवलंय या पोरानं. मी छत्रीपाशी गेलो तेव्हा तिथं दोन आज्या कुत्री फिरवत होत्या, बाकी कुणी नाही. ट्रामचा काशिने थांबा बागेच्या दुसऱ्या टोकाला आहे, तिथून सरळ नदीकाठानं चांगली तीनेक किलोमीटर चाल. सायकल घ्या भाड्याने. मंगळवारी सकाळी बागेत मोठा आठवडी बाजार भरतो, त्या दिवशी जाल तर दोन्ही होईल.

*

शुद्ध शाकाहारी, पण चिडचिडा नसलेला, नाशिक

उपाशी मरत नाही कुणी. रिबोल्लिता घ्या: पांढरा घेवडा, काळसर पानांची कोबी आणि शिळा पाव घालून शिजवलेलं घट्ट सूप. पाप्पा आल पोमोदोरो म्हणजे टोमॅटोत शिजवलेला शिळा पाव. शिळ्याचं सोनं करणारे लोक आहेत हे. पावात मीठ नसतं, ती तिथली जुनी पद्धत, विसरले म्हणून वेटरला ओरडू नका. चेचिना मिळाली तर सोडू नका, हरभऱ्याच्या पिठाची भाजलेली पोळीच आहे. सूप मांसाच्या पाण्यात केलंय का आणि चीजमध्ये प्राण्याचं रेनेट आहे का, हे ज्यांना महत्त्वाचं त्यांनी विचारावं.

बिलात 'कोपेर्तो' दिसलं तर तो टेबलाचा माणशी आकार, फसवणूक नव्हे. कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यायली की स्वस्त पडते.

*

रत्नागिरी, सध्या म्युनिक

वरच्या भावाच्या पुढचं पान. मेर्कातो चेंत्राले ही १८७४ ची लोखंड आणि काचेची मंडई आहे. वरचा मजला पर्यटकांचा, खालचा खाटीक आणि भाजीवाल्यांचा. मी खालीच रमलो. तिथे लांप्रेदोत्तो मिळतं, गाईच्या चौथ्या जठराची वजडी, रश्शात शिजवून पावात घालून, वर हिरवी चटणी. गोमांस चालत नसेल तर लांबूनच वास घ्या.

*

दोन मुलांची आई, पुणे

मुलांना चित्रं दाखवायला नेऊ नका, बोट दाखवायला न्या. गॅलिलिओ संग्रहालयात त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट काचेच्या भांड्यात ठेवलेलं आहे. १७३७ मध्ये सांता क्रोचे चर्चमधल्या नव्या कबरीत त्याचे अवशेष हलवताना कुणीतरी ते काढून घेतलं! मुलगा तिथून हलेना. त्याच इमारतीत त्याच्या दुर्बिणी आहेत आणि तडकलेलं एक भिंगही, ज्यातून त्याने गुरूचे उपग्रह पाहिले. मग सांता क्रोचेत कबर बघायला मुलं स्वतःहून धावली. तिथेच मायकेलअँजेलो आणि मॅकियाव्हेली. दान्तेचं नुसतं स्मारक, तो रावेन्नात पुरलाय.

*

न आवडलेला एक

कुणीतरी लिहायलाच हवं. जुलैत गेलो. ऊन, रांगा, पाँते वेक्कियोवर दादरच्या पुलाची गर्दी आणि दुतर्फा सोन्याची दुकानं. पूल १३४५ चा आहे, १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मनांनी शहरातला तेवढा एकच पूल शाबूत ठेवला, सगळं खरं. पण त्यावर उभं राहून पूल दिसत नाही. शेजारच्या पुलावरून बघा आणि पुढे चला. उन्हाळ्यात जाऊ नका.

*

तिथे शिकायला असलेली

घरांचे नंबर दोन रंगांत असतात. निळे-काळे घरांचे, लाल दुकानांचे, आणि दोन्ही मालिका स्वतंत्र. पत्त्यात आकड्यापुढे 'आर' असेल तर लाल शोधायचा. माझ्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा इथेच चुकतो.

भिंतींवर, डोक्याच्याही वर, बारीक रेघ असलेल्या पाट्या दिसतील. ४ नोव्हेंबर १९६६ च्या पुरात पाणी तिथवर चढलं होतं. राष्ट्रीय ग्रंथालयातली पुस्तकं चिखलातून काढायला देशोदेशीची पोरं आली, त्यांना इथे 'चिखलातले देवदूत' म्हणतात.

सूर्यास्ताला सगळे पियात्साले मिकेलांजेलोवर थांबतात. आणखी थोडं वर सान मिनियातो चर्चपर्यंत चढा. संध्याकाळच्या प्रार्थनेत मठातले साधू गातात, पैसे पडत नाहीत. आणि डेव्हिडपेक्षा मला सान मार्को मठ प्रिय आहे, फ्रा आंजेलिकोने भिक्षूंच्या एकेका खोलीत एकेक चित्र काढलंय.

*

धागा सुरू करणारी

भरपूर मिळालं. एक शंका: आमची मंडळी सोमवारी पोचतायत आणि उफीझी त्या दिवशी बंद असते ना?

*

तिथे शिकायला असलेली

हो, उफीझी, अकादेमिया (डेव्हिड तिथेच आहे) आणि पित्ती राजवाडा तिन्ही सोमवारी बंद. कॅथेड्रल, सांता क्रोचे आणि गॅलिलिओचं बोट उघडं असतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात, पण आजी बरोबर असतील तर तो रविवार टाळा.