मंगळवारची दुपार आणि मंडळी

विदर्भातल्या खेड्यांत ख्रिस्ती मंडळीचं, म्हणजे चर्चचं, काम करणाऱ्यांना एकच विचारणं आहे : रविवारच्या उपासनेपलीकडे, एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला नेमकं काय उपयोगी पडतं? काय फसतं, तेही लिहा.

पाळक, दारव्हा तालुका

रविवार सोपा. अवघड असते ती मंगळवारची दुपार. निंदणाच्या, कापूसवेचणीच्या दिवसांत घरचे सकाळीच वावरात जातात ते दिवेलागणीला परततात. भाकर झाकून ठेवलेली असते, बोलायला कोणी नसतं. म्हणून भेट अकरा ते चारमध्येच ठेवावी. दोघांनी जावं, अर्धा तास बसावं. उभ्यानं बोलू नये. बाजेजवळ स्टूल ओढून, तोंड दिसेल असं बसावं, म्हणजे कमी ऐकू येणाऱ्यालाही ओठांवरून कळतं. गेल्या गेल्या बायबल उघडू नये. आधी गुडघा, नातवाचा फोन, तूर कशी आहे ते. मग २३ वं किंवा १२१ वं स्तोत्र, तेही आजीलाच म्हणू द्यावं. त्यांना ते पाठ असतं, फक्त मध्ये थांबायला होतं. आपण घाईनं पुढची ओळ सांगतो आणि त्या गप्प होतात. शेवटची प्रार्थनाही त्यांनाच करायला सांगा, आपल्यासाठी.

मंडळीच्या सचिव, यवतमाळ जिल्हा

यादी वहीत हवी, डोक्यात नको. बायबलमध्ये प्रेषितांची कृत्ये, सहाव्या अध्यायात रोजच्या वाटणीत विधवांची आबाळ होऊ लागली, तेव्हा सात माणसं नेमावी लागली. आपल्याकडेही तसंच होतं, कोणी मुद्दाम करत नाही.

वहीत नाव, गाव, कान-डोळे, गोळ्या, मुलाचा नंबर आणि मोबाईलच्या रिचार्जची तारीख. ही तारीख फार महत्त्वाची. वैधता संपली की काही दिवसांनी येणारे फोनही बंद होतात आणि आबाजींना वाटतं, आपली कोणी आठवणच काढत नाही.

फोनची साखळी चौघांचीच करा : सकाळी सातला पहिल्यानं दुसऱ्याला, असं करत शेवटच्यानं पहिल्याला. उचलला नाही तर दहा मिनिटांनी पुन्हा, मग शेजाऱ्याला. आठ जणांची साखळी केली की कोणी चुकलं हे कळायलाच दुपार होते.

महिला मंडळ, अचलपूर तालुका

भेटीपेक्षा काम जास्त लागू पडतं, असं आमचं ठाम मत आहे. शब्बाथ शाळेच्या (रविवारच्या बायबल-वर्गाच्या) मुलांकडून वचन म्हणून घेणं, रोज पाच नावांसाठी प्रार्थना, नाताळाच्या करंज्यांचं सारण चाखून साखर सांगणं. कापणीच्या सणाला आजीच्या परसातला एकच कोहळा असला तरी तो वेदीपुढे ठेवावा आणि लिलावात तिचं नाव घेऊन पुकारावा. बोली शंभरावर थांबली तरी चालेल. नाव मोठ्यानं घेतलं गेलं पाहिजे.

उपासनेची व्यवस्था पाहणारे, अमरावती जिल्हा

एसटीत ७५ पूर्ण झालेल्यांना तिकीट लागत नाही, ६५ ते ७५ ना अर्धं लागतं. आधार कार्ड पिशवीतच ठेवायला सांगा. बसची वेळ पाहून मगच उपासनेची वेळ ठरवा. मे महिन्यात सातला सुरू, साडेआठला मोकळं. टिनाच्या छपरावर पाऊस सुरू झाला की उपदेश कोणालाच ऐकू येत नाही, तेव्हा थांबून गीत घ्यावं. म्हाताऱ्यांना मागच्या भिंतीशी बसवू नका, आवाज तिथे घुमतो.

डीकन (मंडळीतले सेवक), वर्धा जिल्हा

दफनानंतर आठवडाभर घर भरलेलं असतं. खरी पोकळी तिसऱ्या महिन्यात जाणवते, पहिल्या नाताळाला, पहिल्या स्मृतिदिनाच्या सुमारास. या तारखा वहीत आधीच घालून ठेवा, पेरणीच्या गडबडीत सगळ्यात आधी याच भेटी सुटतात.

आणि दोन आठवडे जेवण-झोप उडाली असेल, “आता कशाला जगू” असं बोलणं निघत असेल, तर नुसत्या प्रार्थनेवर सोडू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोबत जा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७, दोन्ही नंबर मोठ्या अक्षरांत भिंतीवर, बाजेवरून दिसतील असे लावा.