क्रुगर, चोबे, व्हिक्टोरिया फॉल्स: एप्रिल की ऑगस्ट?

प्रश्न: आई-बाबांना घेऊन दक्षिण आफ्रिका, बोत्सवाना आणि झिम्बाब्वे करायचं आहे. बाबांना हत्ती मनसोक्त बघायचेत, आईला व्हिक्टोरिया फॉल्सचा धबधबा. दोन्ही एकाच खेपेत जमेल असा महिना कोणता? दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात गाडी स्वतः चालवावी का?

प्रतिसाद: ऑगस्टच धरा. झाडोरा वाळलेला असतो, पाणवठे आटतात, त्यामुळे जनावरं उरलेल्या पाण्यावर येतातच. एप्रिलमध्ये धबधबा भरात असतो खरा, पण तुषारांमुळे समोरचा कडाच दिसत नाही. ऑगस्टमध्ये पाणीही बऱ्यापैकी आणि 108 मीटरची उडी नीट दिसते. ऑक्टोबर-नोव्हेंबर मात्र टाळा, धबधब्याच्या पलीकडच्या, झांबियाच्या बाजूला बराचसा नुसता कातळ उरतो.

बाबांसाठी बोत्सवानातल्या चोबे नदीवर दुपारची बोट घ्याच! हत्ती पोहत बेटावर जातात. पाण्यावर सोंडा आणि पाठीचा काळा उंचवटा तेवढा दिसतो, पिल्लू दोन मोठ्यांच्या मधे. मी फोटो काढायचं सोडून नुसती बघत बसले होते.

प्रतिसाद: क्रुगरमध्ये स्वतःच चालवा. डांबरी रस्त्यावर ताशी 50, कच्च्यावर 40 ची मर्यादा. ठरलेल्या जागांखेरीज गाडीतून उतरायचं नाही आणि ऑगस्टमध्ये संध्याकाळी सहाला फाटकं बंद. पहाटेची उघड्या जीपमधली सफारी घेतलीत तर कडाक्याची थंडी वाजते, आईंना कानटोपी द्या. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आधीच विचारा.

प्रश्नकर्ता: ऑगस्ट पक्का. चोबेसाठी मुक्काम कुठे?

प्रतिसाद: कासानेला, चोबेलगतच्या गावात. धबधबा तिथून साधारण 80 किलोमीटर, मधे फक्त सीमेवरची रांग.