खंडणी की नजराणा?

अर्धीकच्ची: देवगिरी किल्ल्याच्या ऑडिओ गाइडचा मजकूर इंग्रजीतून मराठीत करते आहे. रामदेवराय यादवापाशी अडले. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी उत्तरेतल्या कडा-माणिकपूरहून निघून अचानक देवगिरीवर आला, यादवांची मुख्य फौज युवराजाबरोबर बाहेर, राजा किल्ल्यात कोंडला गेला आणि शेवटी 'ट्रिब्यूट' देऊन सुटला. मी सरळ 'खंडणी' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी लाल रेघ मारून समासात शेरा दिला, "खंडणी गुंड मागतात. नजराणा करा." शाळेत तर खंडणीच शिकलो ना आपण? उद्या दुपारपर्यंत द्यायचंय.

पाटावरवंटा: वेढ्यात सापडलेला माणूस नजराणा देतो होय? नजराणा म्हणजे भेटीला जाताना आपण होऊन पुढे करायचा. इतिहासकार फरिश्ता सहाशे मण सोनं सांगतो. आकडा फुगवलेला असेल, पण तबकात रुमालाखाली झाकून न्यायचा हा ऐवज नव्हे.

शुद्धमती: दोन्ही नकोत. नजराणा परका, खंडणी बदनाम. 'करभार' असताना उसनवारी कशाला?

पाटावरवंटा: करभार ऐकून पर्यटकाला जीएसटी आठवेल. आणि खंडणी परकी कधी झाली? 'खंड' संस्कृतच की.

खंडकऱ्याचा नातू: आमच्या श्रीरामपूर भागात 'खंड' रोजच्या बोलण्यात. आजोबांची जमीन साखर कारखान्याला खंडाने दिलेली. ती परत मिळावी म्हणून म्हातारा 'खंडकरी' म्हणून मोर्च्यांना जायचा, धोतराच्या सोग्यात सातबारा बांधून. खंड म्हणजे दरसाल द्यायची ठरीव रक्कम, त्यात दमदाटी नाही. माझ्या मते वीस मणांची खंडी, तिच्यावर मोजून द्यायची ती खंडणी.

शुद्धमती: मग मणावरून मणी आणि शेरावरून शेरणी म्हणा!

जुनी वही: अहो, इथे देणी दोन आहेत. पहिलं १२९६ चं एकरकमी, सुटकेची किंमत. दुसरं अचलपूर प्रांताच्या वसुलाचं, सालोसाल. ते थकलं म्हणून तर पुढे अल्लाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर चालून आला आणि रामदेवरायाला दिल्लीला नेलं. तिथे उलट छत्र, लाख टंके आणि 'रायरायान' किताब देऊन परत पाठवलं, आणि नंतर त्याने वरंगळच्या स्वारीत काफूरलाच मदत केली. पेशवाईत दोन्ही देण्यांना खंडणीच म्हणत. गाव न लुटण्याबद्दल घ्यायची तीही आणि संस्थानिकाकडून दरवर्षी यायची तीही. बदनामी अलीकडची, वर्तमानपत्रांनी केलेली. कायद्याच्या मराठीत त्या गुन्ह्याला 'बलाद्ग्रहण' आहे, पण मथळ्यात कोण बसवणार?

शुद्धमती: बलाद्ग्रहण! बघा, अर्थ शब्दातच आहे.

अर्धीकच्ची: ते लिहिलं तर बाई मलाच बाहेर काढतील. बरं, मिठाचा किस्सा ठेवतेय. घाईघाईने किल्ल्यात ओढून घेतलेली पोती धान्याची म्हणून रचली, वेढ्यात फोडली तर आत मीठ.

पाटावरवंटा: पोती नव्हे, गोणी. कोकणातलं मीठ बैलाच्या पाठीवर घाट चढायचं. गोण बैलाच्या दोन्ही अंगांना लोंबते, पोतं माणूस पाठीवर घेतो.

खंडकऱ्याचा नातू: आमच्याकडे गोणी युरियाची, पोतं ज्वारीचं. बैलाचा काय संबंध?

शुद्धमती: गोणी पाणिनीच्या सूत्रात आहे. अस्सल.

पाटावरवंटा: आणि पतंजली काय म्हणतो? गावी, गोणी, गोता हे 'गो' शब्दाचे अपभ्रंश. म्हणजे तुमची अस्सल गोणी ही बिघडलेली गाय!

शुद्धमती: तो शब्द वेगळा, हा वेगळा. अर्धवट वाचून लिहू नये.

अर्धीकच्ची: अहो, खंडणी ठेवू का?

जुनी वही: @नातू, तुमच्याकडे ज्वारीचं पोतं किती पायल्यांचं?