बायपोलरमध्ये अमिग्डालाचा आकार आणि भीतीचा चेहरा ओळखणं: संबंध का दिसत नाही?

टीवन_वाचक: बायपोलरचे (उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणारा मनोविकार) ४० रुग्ण, ४० निरोगी. १ मिमीचा टी-१ एमआरआय (मेंदूची रचना दाखवणारा स्कॅन), आकारमानं फ्रीसर्फर या सॉफ्टवेअरमधून. चाचणी एकमनच्या ६० चेहऱ्यांची: सहा भावना, प्रत्येकी दहा फोटो. रुग्णांना भीती कमी ओळखता येते, पण अमिग्डालाच्या (मेंदूतला भीतीसारख्या भावनांशी जोडलेला छोटा भाग) आकारमानाशी सहसंबंध जवळपास शून्य. कुठे चुकतंय?

आकडेमोड: कदाचित कुठेच नाही, माणसं कमी आहेत. ०.३ चा सहसंबंध ८० टक्के शक्यतेने पकडायला ८५ जण लागतात, ०.२ असेल तर १९४. ४० रुग्णांत ०.४३ च्या आसपासचाच नीट सापडेल, आणि मेंदूचा आकार व वागणूक यांच्यात एवढा घट्ट संबंध क्वचितच असतो. पण म्हणून संख्या वाढवायला दोन्ही गट एकत्र करून ८० करू नका. गटांतला फरकच मग सहसंबंधाचा आव आणतो.

शिवाय अमिग्डालाच का? एनिग्मा या आंतरराष्ट्रीय संशोधनगटाच्या २०१६ च्या विश्लेषणात (१७१० रुग्ण, २५९४ निरोगी) ठळकपणे लहान निघाले ते हिप्पोकॅम्पस आणि थॅलॅमस हे मेंदूच्या आतले भाग. पार्श्व निलयं (मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळ्या) मोठी होती. २०१८ मध्ये कॉर्टेक्सची (मेंदूचा बाहेरचा थर) जाडी पाहिली तेव्हा सर्वाधिक फरक असलेल्या भागांत डावा फ्युसिफॉर्म होता, म्हणजे चेहऱ्यांवर काम करणारा भाग. तिथली जाडी आधी बघा. अर्थात तो फरकही प्रमाणित विचलनाच्या ०.२९ पटच आहे. दोन्ही गटांचे आलेख सुमारे ८८ टक्के एकमेकांवर बसतात.

चेहरेपट्टी: गुण कसे मोजलेत? नुसती बरोबर उत्तरं मोजली असतील तर घोळ तिथेच आहे. एकाने भीतीचे १० पैकी ७ चेहरे ओळखले, पण ‘भीती’चं बटण एकूण १४ वेळा दाबलं. ओळखलेल्या चेहऱ्यांचा वाटा गुणिले बटण दाबण्यातल्या बरोबर वेळांचा वाटा: ७/१० × ७/१४ = ०.३५. दुसऱ्याने ६ ओळखले आणि बटणही ६ वेळाच दाबलं: ०.६०. साध्या गुणांत पहिला पुढे, प्रत्यक्षात दुसरा. भीती आणि आश्चर्य यांची अदलाबदल होतेच, त्यामुळे चुकांचा तक्ता काढा. आनंदाचे चेहरे बाजूला ठेवा. बहुतेकांना ९-१० पडतात. बेंटनची चेहरे जुळवण्याची चाचणीही हवी, नाहीतर अडचण भावनेची की चेहऱ्याचीच, ते कळणार नाही.

टीवन_वाचक: फक्त बरोबर उत्तरंच मोजली होती. बदलतो. स्कॅनमध्ये काय तपासू? आणि लिथियमवाले (हे मूड स्थिर ठेवणारं औषध घेणारे रुग्ण) वेगळे काढू का?

स्लाइस_बाय_स्लाइस: अमिग्डाला साधारण दीड घनसेंटिमीटर, म्हणजे १५०० व्हॉक्सेल (स्कॅनमधले १ मिमीचे घन), आणि त्यातले शेकडो काठावरचे. हिप्पोकॅम्पसच्या डोक्याशी हद्द एका थराने सरकली तरी आकडा हलतो. सॅजिटल (बाजूने दिसणारे काप) आणि कोरोनल (समोरून दिसणारे) दोन्हींत सगळे ८० स्कॅन डोळ्यांनी बघा. डोकं हललेल्या स्कॅनमध्ये कॉर्टेक्स खोटाच पातळ दिसतो. आकारमानासाठी वय, लिंग, कवटीतलं एकूण आकारमान घ्या. जाडीला मात्र कवटीच्या आकारमानाने भागू नका.

लिथियमवाले वेगळे काढलेत तर ४० चे आणखी तुकडे होतील. औषध हे चल म्हणून मॉडेलमध्ये घाला: लिथियम घेणाऱ्यांत कॉर्टेक्स जाड आढळतो, आकडीरोधक औषधं घेणाऱ्यांत पातळ. पण कोणाला कोणतं औषध मिळालं हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नसतं, त्यामुळे ‘औषधामुळे’ असं लिहू नका. हॅमिल्टन (नैराश्याचं) आणि यंग (उन्मादाचं) मापनं चाचणीच्याच दिवशीची हवीत. महिन्यापूर्वीचे गुण चालत नाहीत.